कुणासाठी घडले, कुणाला लाभले: प्रौढांच्या संरक्षक अंतर्वस्त्राचा इतिहास

(१)
५ मे १९६१ ची सकाळ. फ्लोरिडातील केप कॅनव्हेरल येथे अग्निबाणाच्या टोकावरच्या चिमुकल्या यानात ॲलन शेपर्ड पाठीवर पडून उड्डाणाची वाट पाहत होता. उड्डाण अवघे पंधरा मिनिटांचे होते; परंतु ढगांमुळे आणि तांत्रिक अडचणींमुळे ते पुन्हा पुन्हा लांबत गेले. चार तासांहून अधिक काळ तो त्या यानात अडकून पडला. अखेर त्याने नियंत्रण कक्षाला कळवले, की आपल्याला लघवीला जायचे आहे. त्याला बाहेर काढणे शक्य नव्हते. अंगावरील वैद्यकीय संवेदकांचा वीजपुरवठा काही वेळ बंद करण्यात आला आणि अमेरिकेचा पहिला अंतराळवीर पोशाखातच मोकळा झाला. आतील सुती कपड्याने ओलावा शोषून घेतला, पोशाखातून खेळणाऱ्या प्राणवायूने तो हळूहळू सुकवला. मग उड्डाण झाले.

(२)
या माणसाच्या हृदयाचा ठोका आणि ठोका नोंदला जात होता. त्याच्या मूत्राशयाचा विचार मात्र कुणी केला नव्हता, कारण प्रवास पंधरा मिनिटांचा होता. माणसाच्या या गरजेकडे पाठ फिरवण्याची सवय फार जुनी आहे. आजचा धागा त्या सवयीविषयी आणि तिच्याशी झगडत घडलेल्या एका वस्तूविषयी आहे: लघवीवरचा ताबा सुटलेल्या प्रौढ माणसांचे संरक्षक अंतर्वस्त्र. बोलताना आपण त्याला ‘मोठ्यांचा डायपर’ म्हणतो आणि बहुधा हसतो. ते हसू कुठून आले, हेही या इतिहासात सापडते.

(३)
पुरातत्त्वज्ञ पांढरीच्या टेकाडाचा छेद घेतात तेव्हा एकावर एक साचलेले थर दिसतात. औषधांच्या दुकानातील फळीही अशीच एक पांढर आहे. तिथे शेजारी शेजारी ठेवलेले पातळ पॅड, चड्डीसारखे वर ओढायचे पुल-अप, बाजूंनी चिकटपट्ट्या असलेले डायपर, धुऊन पुन्हा वापरायच्या चड्ड्या, गादीवर अंथरायची शोषक चादर, हे सारे निरनिराळ्या काळांतून आणि निरनिराळ्या माणसांच्या गरजांतून आलेले आहे. कोणता थर कुणासाठी पडला, हे कळले की आपल्या माणसासाठी काय निवडावे, हेही बरेचसे कळते. म्हणून आरंभ सर्वांत खालच्या थरापासून करू.

(४)
‘एडविन स्मिथ पपायरस’ या नावाने ओळखला जाणारा इजिप्तचा वैद्यकीय लेख इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास नकलून काढलेला आहे. त्यात ४८ रुग्णांची वर्णने आहेत. एकतिसावा रुग्ण मानेचा मणका निखळलेला आहे. त्याला हातापायांची जाणीव उरलेली नाही आणि लघवी त्याच्या नकळत ठिबकते आहे. वैद्याचे निरीक्षण अचूक आहे: मज्जारज्जूची इजा आणि मूत्राशय यांचा संबंध त्याने ओळखला होता. त्यापुढचा निर्णयही त्याने नोंदवला आहे, की हा उपचार न करण्याजोगा आजार आहे. पुढची सुमारे साडेतीन हजार वर्षे, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, अशा रुग्णांच्या वाट्याला जवळजवळ हाच निर्णय येत राहिला.

(५)
त्याच इजिप्तमधला दुसरा पुरावा म्हणजे हेनहेनित. अकराव्या राजवंशातील मेंटुहोतेप राजाच्या परिवारातील ही स्त्री इ. स. पूर्व २०५० च्या सुमारास होऊन गेली. १९३५ मध्ये डग्लस डेरी यांनी तिच्या ममीची तपासणी केली, तेव्हा मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये मोठे भगदाड आढळले. अडलेल्या बाळंतपणात बाळाचे डोके आईच्या ओटीपोटात दीर्घकाळ दाबून राहिले, की मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग झडतो आणि लघवी अखंड झिरपू लागते. आजचे वैद्यक याला फिस्टुला म्हणते. राजघराण्यातील स्त्रीलाही ज्यातून सुटका नव्हती, त्यातून सामान्य बाईची काय कथा!

(६)
भारतीय वैद्यकाने या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवीच्या अडथळ्याचे आणि बिघाडाचे, बारा प्रकार सांगितले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात न रोखण्याच्या शारीरिक वेगांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात लघवीचा वेगही येतो. तो अडवल्यास ओटीपोटात वेदना होतात, असे तिथे बजावले आहे. निदान आहे, औषधी आहे, बस्तिचिकित्सा आहे. पण ताबा सुटलेला माणूस दिवसभर अंगावर काय गुंडाळत असे, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधावे तर हाती फारसे काही लागत नाही. ते काम वैद्याचे नव्हते, घरच्यांचे होते.

(७)
आपल्याकडे ते उत्तर घरोघरी होते. झिजून मऊ झालेली लुगडी आणि धोतरे फाडून त्यांची दुपटी होत. तान्ह्या बाळाखाली तीच आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाखालीही तीच. जुने सुती कापड ओलावा चांगले शोषते आणि त्वचेला टोचत नाही, हे आज्यांना प्रयोगशाळेविना ठाऊक होते. या व्यवस्थेचा एकही दस्तऐवज नाही. कारण ती चालवणाऱ्या बायका पहाटे लवकर उठून ती दुपटी धूत आणि नजरेआड वाळत घालत. धुतलेला पुरावा मागे उरत नाही. इतिहासाच्या साधनांविषयी बोलताना ही पोकळी आपण लक्षात ठेवायला हवी.

(८)
युरोपात दुसरी वाट निघाली. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रुआज पारे आणि त्याच्या मागून आलेला जर्मन शल्यचिकित्सक विल्हेल्म फाब्री यांनी लघवी साठवण्याची, अंगाला बांधायची पात्रे सुचवली. फाब्रीच्या साधनात डुकराचे मूत्राशय पिशवी म्हणून वापरलेले होते. येथून या इतिहासाच्या दोन धारा होतात. एक भांड्याची आणि दुसरी कापडाची. भांडे पुरुषाच्या शरीररचनेला जुळते, स्त्रीच्या शरीराला जुळत नाही. परिणामी शल्यचिकित्सकांची कल्पकता बहुतांशी पुरुषांच्या वाट्याला आली आणि बायकांच्या वाट्याला कापडाच्या घड्या राहिल्या. हा फरक पुढे थेट अंतराळापर्यंत पोहोचणार आहे.

(९)
एकोणिसाव्या शतकात चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ केले. त्याचे पेटंट १८४४ चे. यानंतर रबरी पिशव्या, रबरी चादरी, रबरी चड्ड्या आल्या. ओल बाहेर येणे थांबले, पण ती आतच कोंडू लागली. घाम, वास, पुरळ आणि चिघळलेली त्वचा ही रबराची किंमत होती. येथे एक मूलभूत भेद स्पष्ट होतो. ओलावा अडवणे वेगळे आणि तो त्वचेपासून दूर नेणे वेगळे. बाहेरच्या माणसांना पहिले पुरेसे वाटते. ज्याच्या अंगावर ते वस्त्र असते, त्याला दुसरे हवे असते.

(१०)
याच शतकातील एक प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी येथे, जे. मॅरियन सिम्स या डॉक्टराने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावे आपल्याला ठाऊक आहेत. भूल न देता एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. अखेर चांदीच्या तारेचे टाके यशस्वी ठरले. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सिम्सचा पुतळा उभा राहिला. २०१८ मध्ये तो हटवण्यात आला. ज्यांना नकार देण्याचाच अधिकार नव्हता, त्यांच्या देहांवर हे ज्ञान उभे आहे.

(११)
या प्रकरणातून आपल्या विषयाला एक महत्त्वाचा धडा मिळतो. फिस्टुला झालेल्या स्त्रीला कितीही चांगले कापड दिले, तरी तिचे दुःख शस्त्रक्रियेनेच संपते. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये इथिओपियाला गेले आणि १९७४ मध्ये त्यांनी आदिस अबाबा येथे केवळ फिस्टुलाच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारले. घरादाराने आणि गावाने दूर लोटलेल्या बायका तिथे येत आणि कोरड्या होऊन परत जात. संरक्षक वस्त्र हा आधार आहे. तो निदानाची जागा घेऊ शकत नाही. हे सूत्र धाग्याच्या शेवटी पुन्हा लागेल.

(१२)
आता पहिले महायुद्ध. कापसाचा तुटवडा होता आणि जखमा असंख्य होत्या. किंबर्ली-क्लार्क या अमेरिकी कागद कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून ‘सेल्यूकॉटन’ नावाचा पदार्थ तयार केला होता. तो कापसापेक्षा अधिक शोषक आणि स्वस्त होता. सैनिकांच्या जखमांसाठी पाठवलेल्या या पट्ट्यांचा उपयोग परिचारिकांनी पाळीच्या दिवसांत स्वतःसाठी केला. युद्ध संपल्यावर कंपनीने हा इशारा ओळखला आणि १९२० मध्ये ‘कोटेक्स’ पॅड बाजारात आणले. वापरून टाकून देण्याच्या शोषक वस्त्राची औद्योगिक कथा येथे सुरू होते. सैनिकासाठी केलेली वस्तू बायकांनी आपल्या अकलेने आपलीशी केली.

(१३)
त्याच युद्धात पाठीचा कणा जखमी झालेल्या बहुसंख्य सैनिकांचे काय झाले? ते मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी दगावले. इजिप्तच्या वैद्याचा निर्णय अजून बदललेला नव्हता. तो बदलला १ फेब्रुवारी १९४४ रोजी. नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी त्या दिवशी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याच्या इजांचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. ओला कपडा अंगाखाली राहू द्यायचा नाही. मूत्राशय ठरावीक वेळी निर्जंतुक नळीने रिकामे करायचे. उपाय साधे होते, शिस्त कठोर होती. मरणासन्न ठरवलेली माणसे जगू लागली.

(१४)
जगणारी माणसे खेळूही लागली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, गुटमन यांनी रुग्णालयाच्या आवारात चाकांच्या खुर्चीवरील सोळा स्पर्धकांची तिरंदाजी भरवली. त्याच बीजातून पॅरालिंपिक स्पर्धा उगवली. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे जलतरणपटू मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्याचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले सैनिक. कोरडी चादर आणि निर्जंतुक नळी या गोष्टी क्षुल्लक वाटत असतील, तर ही साखळी आठवावी. अमेरिकी डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्येच दाखवून दिले, की रुग्ण स्वच्छ हातांनी स्वतःच नळी वापरू शकतो. दुसऱ्याच्या हातातील सूत्र रुग्णाच्या हाती आले.

(१५)
युद्धोत्तर काळातील दोन आयांकडे वळू. इंग्लंडच्या व्हॅलरी हंटर गॉर्डन यांनी पॅराशूटच्या नायलॉनची बाहेरची चड्डी आणि आत बदलता येणारी शोषक घडी अशी ‘पॅडी’ शिवली. अमेरिकेच्या मॅरियन डोनोव्हन यांनी आधी न्हाणीघराचा पडदा कापून आणि मग पॅराशूटच्याच कापडातून ‘बोटर’ बनवली. रबरापेक्षा ती अधिक हवेशीर होती. कारखानदारांनी रस दाखवला नाही, तेव्हा डोनोव्हन यांनी ती १९४९ मध्ये एका मोठ्या दुकानामार्फत विकायला आणली. १९५१ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. ज्या हातांनी दुपटी धुतली, त्याच हातांनी ती धुण्यातून सुटका शोधली. पण ही सुटका बाळांच्या आयांची होती. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या बाजूने बोलणारे कुणी बाजारात नव्हते.

(१६)
१९६१ हे वर्ष पुन्हा आले. शेपर्ड ज्या वर्षी यानात अडकला, त्याच वर्षी प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने इलिनॉय राज्यातील पिओरिया शहरात ‘पँपर्स’ विकून पाहिले. किंमत जास्त असल्याने प्रयोग प्रथम फसला. पुढे दर उतरवल्यावर बाजार खुला झाला. पिओरियाचे नाव लक्षात ठेवा. याच शहरात अमेरिकी कृषी खात्याची एक प्रयोगशाळा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसे करावे, हे कोडे तिथे सुटले होते. १९७० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या पिठुळापासून एक विलक्षण पदार्थ बनवला. त्याचे टोपणनाव ‘सुपर स्लर्पर’.

(१७)
हा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी धरून ठेवी. हेतू शेतीचा होता: बियाण्याभोवती आणि मातीत ओल टिकवणे. यातूनच महाशोषक बहुवारिकांचा उद्योग वाढला. १९७८ च्या सुमारास जपानमध्ये हा पदार्थ पाळीच्या पॅडमध्ये आला आणि पुढे डायपरमध्ये. साखरेसारखे दिसणारे हे कण ओले झाले की जेलीसारखे फुगतात आणि दाब पडला तरी पाणी सोडत नाहीत. स्पंज पिळला की गळतो. हे कण गळत नाहीत. पूर्वी गादीएवढी जाड लागणारी घडी आता बोटभर जाडीची झाली. माणूस तिच्यावर कपडे घालून चारचौघांत बसू शकला.

(१८)
येथे एक बारकावा आहे. लघवीत क्षार असतात आणि क्षारांमुळे हे कण शुद्ध पाण्याच्या तुलनेत फारच कमी फुगतात. १९९६ च्या आयएसओ ११९४८ या मानकानुसार पॅडची एकूण शोषणक्षमता मोजताना ते पूर्ण बुडवून तोलतात. प्रत्यक्षात कुणी पॅड बुडवून वापरत नाही. लघवी एकाच ठिकाणी, एकदम, बसल्या किंवा निजल्या स्थितीत येते आणि पॅड भरण्याच्या बरेच आधी कडेने गळू शकते. म्हणून वेष्टनावरचा आकडा दोन वस्तूंची तुलना करण्यापुरता उपयोगाचा. तेवढी लघवी ते वस्त्र अंगावर धरील, असा त्याचा अर्थ घेऊ नये.

(१९)
पुन्हा अंतराळाकडे. शेपर्डनंतर साधने आली ती भांड्याच्या परंपरेतली: १९६२ मध्ये जॉन ग्लेनने वापरलेले साधन निरोधासारखे आवरण आणि पिशवी यांचे होते. १९७८ मध्ये नासाने प्रथमच सहा स्त्रियांची अंतराळवीर म्हणून निवड केली आणि जुनी अडचण उघडी पडली; भांडे त्यांच्या उपयोगाचे नव्हते. मग त्यांच्यासाठी शोषक चड्डी तयार झाली. पुढे तिची जागा घेणारे अधिक शोषक वस्त्र पुरुषांनीही स्वीकारले. आज यानाबाहेर तासन्‌तास काम करणारे अंतराळवीर, स्त्री असो वा पुरुष, हेच घालतात. भांड्याच्या धारेवर कापडाच्या धारेने मात केली, ती बायकांच्या गरजेमुळे. आणि या वस्त्राला तिथे कुणी हसत नाही.

(२०)
पृथ्वीवर हसू मात्र होते. प्रौढांसाठीची उत्पादने अमेरिकी बाजारात १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या दशकात ठळकपणे आली. किंबर्ली-क्लार्कच्या ‘डिपेंड’च्या जाहिरातींत जून ॲलिसन ही एकेकाळची लोकप्रिय चित्रतारका दूरचित्रवाणीवर उघडपणे या विषयावर बोलू लागली. शब्दही बदलू लागले. ‘डायपर’ऐवजी ‘अंतर्वस्त्र’ म्हणणे रूढ होऊ लागले. हा बदल दिखाऊ वाटेल, पण त्यात मर्म आहे. वस्तू बाळाच्या नावाने ओळखली गेली की ती वापरणाऱ्यालाही बाळाचा दर्जा मिळतो. आपल्याला येणारे हसू तिथून आलेले आहे. बाळाचा निर्णय दुसरे घेतात. ऐंशी वर्षांच्या आजींचा निर्णय आजींनीच घ्यायचा असतो.

(२१)
वैद्यकही मौन सोडत होते. १९४८ मध्ये आर्नल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, हे मांडले. खोकताना, हसताना, वजन उचलताना होणाऱ्या गळतीवर ते व्यायाम आजही पहिल्या उपायांत गणले जातात. १९७१ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना, इंटरनॅशनल कंटिनन्स सोसायटी, स्थापन झाली. ताबा सुटणे ही वयाची अपरिहार्य शिक्षा नाही, हे यातून प्रस्थापित झाले. बाळंतपण, रजोनिवृत्ती, प्रोस्टेटची वाढ किंवा शस्त्रक्रिया, मधुमेह, पक्षाघात, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, काही औषधे. कारणे अनेक आहेत आणि त्यांतील बरीच उपचारयोग्य आहेत.

(२२)
एव्हाना प्रश्न पडला असेल, की यांतले सर्वांत चांगले कोणते? ब्रिटनमध्ये मँडी फेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या रचनांची शेकडो वापरणाऱ्यांकडून तुलना करून घेतली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणतीही एक रचना सर्वांसाठी उत्तम ठरली नाही. स्त्रियांचा कल पुल-अपकडे अधिक होता, तर पुरुषांना चिकटपट्टीचा डायपर अधिक सोयीचा आणि परवडणारा ठरला. दिवसा एक आणि रात्री दुसरे, घरी एक आणि प्रवासात दुसरे, अशी मिश्र निवड पुष्कळांना सोयीची ठरते. सैनिक, बाळ आणि अंतराळवीर यांच्यासाठी घडलेले थर आपल्या आजोबांना सारखेच जुळतील, अशी अपेक्षाच चुकीची होती.

(२३)
तेव्हा निवड करताना इतिहासाने शिकवलेले प्रश्न विचारावेत. गळती किती आणि केव्हा? शिंकताना थेंबभर होत असेल, तर पातळ पॅड किंवा धुता येणारी शोषक चड्डी पुरते. माणूस हिंडता-फिरता आहे का? तर पुल-अप, कारण तो स्वतः वर ओढता येतो आणि स्वाभिमान राखतो. अंथरुणावर आहे का? तर चिकटपट्टीचा डायपर, कारण तो बदलताना पायजमा पूर्ण काढावा लागत नाही आणि बदलणाऱ्याची कंबरही वाचते. वस्त्र कोण बदलणार आणि रात्री किती वेळा? पुरुषासाठी शोषक भाग पुढे, स्त्रीसाठी मध्यभागी अधिक हवा. कंबर आणि नितंब टेपने मोजून मोठे माप धरावे. मोठा आकार म्हणजे जास्त शोषण, हा समज खोटा आहे. सैल वस्त्र मांडीजवळ गळते.

(२४)
त्वचेचा धडा रबराने दिलेला आहे. शौच झाल्यास वस्त्र लगेच बदलावे, लघवीने जड झाल्यावर वाट पाहू नये. पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे. लघवी दाट होऊन मूत्राशयाला अधिक टोचते. जळजळ, ताप, लघवीत रक्त, अचानक ताबा जाणे किंवा लघवी तुंबणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुकानाआधी दवाखाना गाठावा. पायांची शक्ती अचानक गेली असेल, तर विलंब अजिबात नको. वापरलेल्या वस्त्राची विल्हेवाटही आपली जबाबदारी आहे. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर आणि शोषक चादरी यांचा ‘सॅनिटरी कचरा’ म्हणून स्पष्ट उल्लेख होता. ते गुंडाळून, वेगळे द्यायचे असतात. आपल्या मौनाची घाण सफाई कामगाराने उघड्या हातांनी उचलावी, हे न्याय्य नाही.

(२५)
जपानमधील ओजी होल्डिंग्ज या कागद उद्योगसमूहाने २०२४ मध्ये जाहीर केले, की आपण देशातील बाळांच्या डायपरचे उत्पादन थांबवून प्रौढांच्या उत्पादनांवर भर देणार आहोत. वृद्ध होत चाललेल्या समाजात बाजाराला अखेर म्हाताऱ्या माणसाची हाक ऐकू आली. आपल्याकडे ही हाक अजून दबकी आहे. पुडा काळ्या पिशवीत गुंडाळून मिळतो. लग्नकार्यात एखादी मावशी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरते. पूर्वी वारीला न चुकता जाणारे आजोबा ‘आता झेपत नाही’ म्हणतात आणि कारण गुडघ्याचे सांगतात. ही माणसे हळूहळू घराबाहेर पडेनाशी होतात, आणि ती का थांबली याचीही नोंद कुठे उरत नाही.

(२६)
अखेर पुन्हा शेपर्डकडे. त्याने तोंडाने सांगितले, म्हणून त्याची गरज नोंदली गेली, आणि पुढच्या अंतराळवीरांसाठी साधने घडली. त्या एका वाक्याला चार तास लागले. आपल्या घरातील कुणी चार वर्षे ते वाक्य मनात धरून बसले असेल. इतिहासाच्या अभ्यासकाने दबलेला आवाज ऐकायचा असतो, असे आपण नेहमी म्हणतो. तो दर वेळी दफ्तरखान्यातच सापडेल असे नाही. एखाद्या निवांत दुपारी, चारचौघांत नव्हे, आजीजवळ बसून हळूच विचारावे: “आजी, बाहेर पडायला काही अडचण होते का गं?” पुढचे काय निवडायचे, ते तिला ठरवू द्यावे. आपण टेप धरावी.

धागा समाप्त.